बिनशेपटीचा बोळा

१

माणसं पाच, बंदुका पाच. चार बंदुका लाकडी घोडीवर उभ्या, पाचवी मजीद अर्बाबांच्या हातात. पन्नास मीटरवर लावलेले निशाणाचे कागद पाच. भोक एकालाही नाही. अर्बाबांच्या पायाशी पितळेची एक माशी, म्हणजे नेम धरायला बंदुकीच्या टोकाला बसवतात तो एवढासा तुकडा. तिच्या पुढे वाळूत पडलेली एक जळकी चिंधी. आणि पाचव्या बंदुकीच्या नळीवर, तोंडापासून साडेसात सेंटिमीटर आत, अंगठी चढवल्यासारखा गोल फुगवटा.

रेवानं हे सगळं मोजलं, आणि मगच तिच्या लक्षात आलं की आपल्या कानात अजून शीळ घुमतेय.

जानेवारी २०१५ मधला शुक्रवार होता. मस्कतहून सूरकडे जाताना आत वळलं की डोंगरांच्या कुशीत मजीद अर्बाबांचं शेत लागतं; अर्बाब म्हणजे तिथल्या बोलीत मालक. शेतामागच्या वादीत, म्हणजे कोरड्या नदीपात्रात, दर शुक्रवारी सकाळी ठासणीच्या बंदुकांनी नेमबाजी चाले. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी गजानं तळापर्यंत ठासायची, घोड्याखाली ठिणगी पाडणारी केप बसवायची आणि चाप ओढायचा. एका बाराला इतके सायास, म्हणून त्या खेळात घाई कुणालाच नसे.

रेवा पुण्याहून पदार्थविज्ञानात एमएस्सी करून आली होती आणि मस्कतच्या घला भागातल्या एका प्रयोगशाळेत मापन यंत्रं तपासायचं काम करत होती. मस्कतमध्येच अल् खुवैरला सुगंधाताईकडे राहायची. ताईचे यजमान, स्वरूप भाऊजी, अर्बाबांच्या कंपनीचे हिशेब बघत आणि शुक्रवारी हौसेनं बंदूक चालवत. त्यांच्याबरोबर ती एकदा सहज आली. पाच बारांची भोकं एकमेकांपासून किती लांब पडली ते कॅलिपरनं मोजून तिनं सांगितलं, आणि तेव्हापासून ते काम तिचंच झालं. आकडा जितका कमी, तितका नेम चांगला. अर्बाबांच्या आजोबांच्या बंदुकीचा तिनं मोजलेला सगळ्यात चांगला आकडा एकाहत्तर मिलिमीटर होता. तोंड फुगलेली ती हीच बंदूक.

"ये मेरे जद्द का बंदूक है," अर्बाब म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे सगळे जास्तच घाबरले. "झांझिबार गया, वापस आया. सौ साल से ऊपर. आज खलास."

त्यांनी वाळूतली चिंधी बोटांच्या चिमटीत उचलली आणि रमणसमोर धरली.

रमण कुडाळकडचा. अर्बाबांच्या बोटींच्या कारखान्यात टर्नर होता. गावी वानर आणि डुकरं हाकलायला घरात परवान्याची ठासणीची बंदूक, त्यामुळे अर्बाबांनी बारा वर्षांपूर्वीच या पाच बंदुका त्याच्या हवाली केल्या होत्या. पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून कोकणात नळीच्या तोंडात चिंधीचा बोळा घालून ठेवतात. इथे पाऊस नसला तरी धूळ आहे, म्हणून ती सवय रमणनं इथेही चालू ठेवली होती. आख्ख्या मैदानात बंदुकीला बोळा घालणारा माणूस एकच होता, आणि बोळा न काढता बार काढला तर नळी फुगते, हेही त्यानंच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

"अर्बाब, ह्यो बोळो माझो न्हय," रमण म्हणाला.

"तो किस का है? मेरा?"



"संडे का टिकट," अर्बाब म्हणाले. "चुपचाप गाँव जा. नहीं तो मैं पोलीस को बोलता है, ये आदमी मेरे को मारने को देखा."

अर्बाब गाडीकडे गेले. चिंधी त्यांनी तिथेच टाकली होती. रेवानं ती रिकाम्या केपांच्या डबीत ठेवली. ठेवताना तिच्या बोटाला काहीतरी टोचलं. चिंधीच्या कडेला, मोहरीहूनही बारीक, कडक मणी होते.

जळलेल्या सुती कापडाला मणी येत नाहीत.

२

परतीच्या वाटेवर गाडी स्वरूप भाऊजी चालवत होते. कुरियातला घाट उतरल्यावर म्हणाले, "वाईट झालं. पण माणूस वयानं विसरतो गं. पन्नाशी आली रमणची."

"तुम्ही वारा सुटला तेव्हा कुठे होतात?" रेवानं विचारलं.

"ही काय चौकशी?"

"मी प्रत्येकाची जागा लिहून काढतेय. मी आणि अर्बाब त्यांच्या गाडीत होतो, ते माझ्यासमोर पूर्ण वेळ फोनवर बोलत होते. म्हणजे आम्ही दोघं बाद. तुम्ही?"

"आपल्या गाडीत. काचा वर, एसी चालू. तुझ्या ताईनं दिलेलं थालीपीठ खात बसलो होतो. झालं समाधान?"

रेवानं मान हलवली आणि घडलेलं क्रमानं आठवायला घेतलं. सकाळी रमणनं आजोबांची बंदूक भरली, केप न लावता घोडीवर ठेवली. बाकीच्या भरायच्या होत्या. तेवढ्यात वादीतून वारा उठला. इतकी धूळ, की हातभर अंतरावरचं दिसेना. जो तो जिथे जमेल तिथे पळाला. वारा पडल्यावर सगळे तंबूत चटईवर बसले, अरबी कॉफीचा कहवा झाला, खजूर झाले, स्वरूप भाऊजींनी आणलेलं थालीपीठ झालं. थालीपीठ दाताखाली कचकचलं तेव्हा ड्रायव्हर तय्यब म्हणालाही होता, "वाळूशिवाय ओमानात काही पचत नाही, ताई." मग अर्बाब उठले, घोडीवरची बंदूक घेतली, स्वतः केप लावली आणि चाप ओढला.

म्हणजे बोळा नळीत गेला तो धूळ उडत असतानाच. बाहेर होते रमण आणि तय्यब. आणि भाऊजी म्हणतात तसे ते गाडीत असतील, तर या दोघांशिवाय कुणी उरत नाही.

शनिवारी तिची प्रयोगशाळेत अर्ध्या दिवसाची पाळी होती. काम संपल्यावर तिनं तिथेच डबी उघडली. रमणनं मागे कधीतरी दिलेली गोळीची चिंधी तिच्या पिशवीत होती. तिचा धागा काढून तिनं काडी लावली. फुरफुरून जळला, राख झाली, फुंकर मारताच उडून गेली. मग जळक्या चिंधीचा एक धागा. तो आकसला, वितळला आणि टोकाला काळा मणी होऊन थिजला.

अर्धं सूत, अर्धं पॉलिएस्टर. असं कापड रमण बंदुकीच्या आसपासही फिरकू देत नसे. नळीत वितळून चिकटतं म्हणून.

सूक्ष्मदर्शकाखाली पट्टी ठेवून तिनं न जळलेल्या भागातले धागे मोजले. एका सेंटिमीटरात एका दिशेनं एकतीस, दुसऱ्या दिशेनं सव्वीस. काजळीत एका ठिकाणी दोन धागे शेजारी शेजारी जास्त गडद होते. मूळ रंग कोणता ते कळेना. रमणची चिंधी मोजली: चोवीस आणि वीस.

तिनं पुन्हा मोजलं. आकडे तेच आले. कापड रमणचं नव्हतं.

पण यानं काय सिद्ध होणार? अर्बाब म्हणतील, दुसरी चिंधी वापरली असेल. रविवारी रात्रीचं विमान होतं.

३

तिथून ती थेट कारखान्यावर गेली. मागे कामगारांच्या खोल्या होत्या. रमण पलंगावर बॅग उघडी टाकून बसला होता. बॅगेत दोन शर्ट आणि शेजारी कानस, हातकरवत, पितळेचा गज. हत्यारं न्यायची की ठेवायची, हे ठरत नव्हतं.

"रमणकाका, तुम्ही काल बोळा घातला होता?"

"बाय, मिया काल बोळो घालूकच नाय. वारो इलो तसो दारूच्या पेटयेर ताडपत्री टाकूक धावलंय. दारू भिजली-उडाली तर सगळ्यांचीच सुट्टी."

"भरलेली बंदूक तशीच ठेवलीत?"

"केप नव्हती लावलेली. आणि माझो बोळो आसतो तर माका दिसतो." त्यानं उशाखालून एक बोळा काढला. मळकट सुती चिंधीची सुपारीएवढी गुंडाळी आणि तिला शिवलेली वीतभर लांब लाल पट्टी. "ही शेपटी भायर लोंबता. शेपटी दिसली तर नळी बंद, नाय दिसली तर नळी मोकळी. बापाशीन शिकवल्यान. काल शेपटी नव्हती, म्हणान मी अर्बाबाक अडवूक नाय."

रेवानं बोळा हातात फिरवला. रमणची पद्धत चोख होती, आणि त्या पद्धतीमुळेच तो फसला होता. ज्यानं बोळा घातला त्याला बोळा माहीत होता; शेपटी कशासाठी ते माहीत नव्हतं.

"ही शेपटीची गोष्ट तुम्ही कुणाकुणाला सांगितलीत?"

"कोण इचारता? तय्यबाक म्हायती आसा, तोच तर तांबडा फडका आणून देता." रमणनं बोळा तिच्या हातातून परत घेतला. "आणि दिवाळीत तुमच्याकडे जेवूक इल्लंय, तेव्हा सांगितलंय. तू होतंस, सुगंधाताय होती."

"भाऊजी?"

"ते सुरवातीक होते."

रमणनं कानस उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. "आता व्हिसा रद्द झालो तर दोन वर्सां परत येवक गावचा नाय. पण ता जावंदे. माका गावाक जावची भीती नाय, बाय. अर्बाबाक मारूक गेललो म्हणान जावचा नाय माका."

४

शनिवारी दुपारी कंपनीच्या कँटीनची भाजी आणायला तय्यब अल मवालेहच्या बाजारात असतो, हे रेवाला ठाऊक होतं. तो टोमॅटोच्या खोक्यांशी हुज्जत घालत सापडला. मूळचा दाभोळचा, अर्बाबांकडे गाडी चालवायचा आणि शुक्रवारी तंबू, कहवा, चटया हे सगळं बघायचा.

"माझ्यावर संशय?" तो हसला. "घ्या. हा माझा फडका. गाडी पुसायचा. जाळून बघा, पुरून बघा."

फडका पिवळा होता आणि विणीचा. त्यात उभे-आडवे धागेच नव्हते, नुसते फास. मोजण्याचा प्रश्नच मिटला.

"तय्यबभाई, वारा सुटला तेव्हा तुम्ही—"

"तंबूचा खांब धरून उभा. मिठी मारून. बायकोला कधी मारली नाही एवढी घट्ट. नाहीतर तंबू सूरला गेला असता, मागोमाग मी."

"बंदुकांजवळ कुणी दिसलं?"

"मला माझं नाक दिसत नव्हतं, ताई."

रेवा निघणार, तोच तिला आठवलं म्हणून ती सहज म्हणाली, "तंबू धरूनही आत वाळू आलीच म्हणा."

तय्यबनं हातातला टोमॅटो खाली ठेवला. एवढा वेळ संशय घेतला तेव्हा तो हसत होता. आता त्याला राग आला.

"कुठे आली? माझ्या तंबूत? चारही बाजू दाबून धरल्या होत्या मी. खजूर खाल्लेत ना तुम्ही? लागली वाळू?"

"नाही."

"कहव्यात होती?"

"नाही. पण थालीपीठात होती."

"ते माझ्या तंबूत नव्हतंच! वारा पडल्यावर स्वरूपसाहेबांनी डबा आणला. उगाच माझं नाव नको." तो पुन्हा टोमॅटोवाल्याकडे वळला. "यल्ला, या अखी, दाम बोल."

रेवा तिथेच उभी राहिली. मागून हातगाडीवाला ओरडला तेव्हा बाजूला झाली.

थालीपीठ गाडीत होतं. काचा वर होत्या, एसी चालू होता. मग वाळू गेली कुठून?

५

घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. स्वरूप भाऊजी टीव्हीसमोर बसले होते. टीव्ही बंद होता. सुगंधाताई स्वयंपाकघरात कुकर लावत होती, आणि तिची नऊ वर्षांची सई डायनिंग टेबलावर गणितं सोडवत होती.

"बरं झालं आलीस," ताई आतूनच म्हणाली. "माझं डबा बांधायचं फडकं कुणी फाडलं? मी विचारतेय तर हे म्हणतात माहीत नाही. आणि डबा धुताना ही एवढी वाळू निघाली. जेवायला गेला होतात की खणायला?"

"कुठलं फडकं, ताई?"

"ते काय, दोरीवर. आपली जुनी चादर कापून केलेलं. एक कोपराच गायब आहे."

रेवानं दोरीवरून फडकं काढलं. पांढरी चादर, तिच्यावर जांभळ्या रेघा. प्रत्येक रेघ दोन धाग्यांची. एका कोपऱ्यातून तळहाताएवढा तुकडा टरकावलेला होता.

ते घेऊन ती टेबलाशी बसली. पिशवीतून भिंग आणि पट्टी काढली.

"मावशी, तू कपडा का मोजते?" सईनं विचारलं. तिचं मराठी असंच शाळेच्या बसमधून उतरून आल्यासारखं असे.

"किती धागे आहेत ते बघतेय."

"व्हाय?"

"सई, आत जा," स्वरूप भाऊजी म्हणाले. ते कधी उठून टेबलापाशी आले, रेवाला कळलं नव्हतं.

सई वही घेऊन आत गेली. रेवा मोजत राहिली. सुईच्या टोकानं एकेक धागा बाजूला सारत, ओठ न हलवता. एकदा उभे, एकदा आडवे. मग फडकं फिरवून दुसऱ्या जागी पुन्हा.

तिला इथली नोकरी भाऊजींच्या ओळखीनं लागली होती. ती झोपायची ती खोली त्यांची होती. हे तिला धागे मोजताना आठवत होतं, आणि आकडा चुकू नये म्हणून ती ते मुद्दाम बाजूला ठेवत होती.

"किती आले?" भाऊजींनी विचारलं.

"एकतीस. आणि सव्वीस."

"आणि त्या चिंधीत?"

"एकतीस आणि सव्वीस. दोन गडद धागे शेजारी शेजारी."

कुकरची शिट्टी झाली. ताई हात पुसत दारात आली आणि दोघांचे चेहरे बघून तिथेच थांबली.

"तुम्ही गाडीत होतात, पण पूर्ण वेळ नाही," रेवा म्हणाली. "डबा हातात घेऊन घोडीपाशी गेला होतात. फडकं सोडून कोपरा फाडलात, तेव्हा डबा उघडा पडला, आणि त्यात वाळू गेली. बंद गाडीत ती गेली नसती. बोळा कशासाठी घालतात हे तुम्ही दिवाळीत इथेच, या टेबलावर ऐकलंत. पण गोष्ट अर्ध्यावर असताना ऑफिसचा फोन आला आणि तुम्ही गॅलरीत गेलात. लाल शेपटी त्यानंतर आली."

स्वरूप भाऊजींनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत.

"मी गाडीकडेच पळत होतो," ते म्हणाले. "वाटेत घोडी. भरलेली बंदूक तशीच उभी, तोंड उघडं. म्हटलं, म्हाताऱ्याची लाडकी बंदूक, आत वाळू जाईल. रमण दारूच्या पेटीकडे धावलेला. मला वाटलं, मी त्याचंच काम करतोय."

"पूर्ण आत का ढकललात?"

"वारा बघितलास ना कसला होता? बाहेर ठेवला असता तर उडून गेला असता. लाल पट्टी मी पाहिली होती गं त्याच्या बोळ्यांना. मला वाटलं, सापडायला बरं म्हणून लाल." त्यांनी फडक्याचा फाटका कोपरा सरळ केला. "रमणला सांगणार होतो. मग वारा पडला, कहवा आला, अर्बाब ऑडिटचं काहीतरी विचारायला लागले. डोक्यातून गेलं. बार झाला तेव्हाच आठवलं."

"आणि मग?"

"मग अर्बाब रमणशी बोलत होते."

"आणि तुम्ही ऐकत होतात," सुगंधाताई दारातून म्हणाली.

 गेल्या महिन्यात भाऊजींचा अर्बाबांकडचा करार नवा व्हायचा होता, तो झाला नव्हता, हे घरात तिघांनाही माहीत होतं. 

"सकाळी सांगतो त्यांना," ते म्हणाले.

"सकाळी ऑफिसात त्यांना भेटायला दहा माणसं असतात," ताई म्हणाली. "आणि तुम्हाला पुन्हा फोन येईल. गाडीची किल्ली फ्रिजवर आहे."

६

त्याच रात्री. अर्बाबांच्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, भिंतीलगत गाद्या होत्या. मध्ये खजुराची परात आणि कहव्याची किटली. फुगलेली बंदूक समोरच्या भिंतीशी टेकवलेली होती, आजारी माणसासारखी. अर्बाबांनी रमणला बोलावून घेतलं होतं. तो दारापाशी बसला होता, बॅग भरून आल्यासारखा ताठ.

स्वरूप भाऊजींनी सगळं सांगितलं. हिंदीत, खाली मान घालून, काही न गाळता. ऑडिटसुद्धा गाळलं नाही.

 सांगून झाल्यावर अर्बाबांनी रेवाकडे हात पुढे केला. तिनं चिंधी आणि फडकं दोन्ही दिलं. भिंगही दिलं. म्हातारा चष्मा कपाळावर सारून बराच वेळ भिंगातून बघत राहिला. धागे मोजले की नुसतेच बघितले, कळलं नाही.

"कल क्यों नहीं बोला?" त्यांनी भाऊजींना विचारलं.

"डर गया, अर्बाब."

"बंदूक से?"

"आपसे."

अर्बाबांनी फडकं घडी घालून परत दिलं. "बंदूक को आज से हाथ नहीं लगाना. तू हिसाब देख. हिसाब में बोळा मत डाल."

मग ते उठले. किटली स्वतः उचलली आणि दारापर्यंत गेले. एरवी कहवा ओततो तो तय्यब किंवा घरातला धाकटा कुणी. अर्बाबांनी रमणच्या हातात चिमुकला पेला दिला आणि त्यात कहवा ओतला.

तिथला रिवाज सोपा आहे. पुरे झालं की पेला हातात हलवायचा. हलवला नाही तर ओतणारा पुन्हा भरतो. रमण बारा वर्षं त्या देशात होता. त्यानं पेला रिकामा केला आणि स्थिर धरला. अर्बाबांनी भरला. त्यानं पुन्हा रिकामा केला, पुन्हा तसाच स्थिर धरला.  सत्तरीचा माणूस किटली धरून त्याच्यासमोर वाकून उभा होता, आणि रमण बघत होता तो पेल्याकडे.

तिसऱ्यांदा प्यायल्यावर त्यानं पेला हलवला.

"टिकट कॅन्सल," अर्बाब म्हणाले. "मैं गलत बोला." आणि मग भिंतीकडे बोट करून, "इस का क्या करेगा? खलास?"

रमण उठला. बंदुकीपाशी जाऊन फुगवट्यावर अंगठा फिरवला, वरून खाली, खालून वर.

"खलास नाय, अर्बाब," तो म्हणाला. "कापूक व्हया."

अर्बाबांनी रेवाकडे पाहिलं.

"काटना पड़ेगा," रेवा म्हणाली.

"मेरे जद्द का बंदूक काटेगा?"

"आगे का इतना ही," रमणनं चार बोटं आणि वर अंगठा धरून दाखवलं. "बाकी नळी अच्छा है. लेकिन फिर सीधा मारेगा या नहीं, वो बंदूक को पूछना पड़ेगा."

अर्बाबांनी फुगलेल्या नळीवर हात ठेवला.

"इन्शाल्ला," ते शेवटी म्हणाले.

७

नळी कापायला रमणनं हातकरवत वापरली. कारखान्यातल्या यंत्राला हात लावला नाही. नऊ सेंटिमीटरचा तुकडा निघाला. तोंड कानशीनं सपाट केलं, मग आतली कड शिशाचा गोळा आणि पॉलिशची पावडर घेऊन अनेक संध्याकाळी फिरवत गुळगुळीत केली. ती कड एका बाजूला जरी उतरली तरी गोळी भरकटते. पितळेची माशी नव्या जागी बसवली.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी ती बंदूक पुन्हा घोडीवर उभी राहिली. वारा नव्हता. तोंडातून वीतभर लाल पट्टी लोंबत होती.

सुगंधाताई या वेळी मुद्दाम आली होती. डबा नव्या फडक्यात होता. स्वरूप भाऊजींनी निशाणाचे कागद लावले आणि कुणी न सांगता मागे, गाड्यांच्या रांगेपाशी जाऊन उभे राहिले. तय्यबनं तंबूच्या चारही दोऱ्या सगळ्यांना दिसतील अशा ओढून बघितल्या.

पहिला बार नेहमी अर्बाबांचा असे. त्यांनी बंदूक उचलली, लाल पट्टी धरून बोळा ओढून काढला, तो स्वतःच्या खिशात ठेवला आणि बंदूक रमणच्या हातात दिली.

"पाँच," ते म्हणाले.

रमणनं माप भरून दारू ओतली. चिंधी, गोळी, गज. प्रत्येक बारानंतर ओल्या चिंधीनं नळी पुसली, मगच पुढचा भरला. धूर वादीत सरळ वर चढत होता. पाचवा बार झाल्यावर त्यानं बंदूक घोडीवर ठेवली, बोळ्यासाठी अर्बाबांपुढे हात केला आणि लाल पट्टी बाहेर ठेवून नळी बंद केली. निशाणाकडे तो गेला नाही.

रेवा गेली. तिनं कागद काढून आणला, सतरंजीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. भोकं पाच होती. सगळ्यात लांबची दोन निवडून तिनं कॅलिपर लावला, आकडा वाचला, कॅलिपर मिटून शून्य झाल्याची खात्री केली आणि पुन्हा लावला.

"किती, बाय?" रमणनं घोडीपासून विचारलं.

"सहासष्ट मिलिमीटर."